पत्रातला शेवटचा शब्द

माझ्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा वाचता आला तो शब्द होता 'साष्टांग'. कमळ नाही, बदक नाही, एकदम साष्टांग. आता तुम्ही म्हणाल, काय हुशार पोर! हुशार डोंबलाची. तेव्हा तिला साधं 'घर' वाचता येत नव्हतं. पाटीवर 'घर' लिहून दाखवलं की माझ्या तोंडाकडं बघायची आणि अंदाजानं 'भाकरी' म्हणायची. हे असं उलटं कसं झालं ते सांगायला बसले आहे, आणि इतक्या वर्षांनी सांगतानाही डोकं फिरतंय.

लढाई चालू होती, तिसरं-चौथं वर्ष असेल. आमचे हे पलटणीत, समुद्रापार. कुठं, ते आम्हांला कळायचं नाही. घरात मी, माझे सासरे, सासू आणि पाच वर्षांची पोरगी. सासऱ्यांना मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणायची आमच्याकडची रीत, म्हणून इथंही तसंच म्हणते. गाव पलूसजवळचं, काळ्या रानाचं. माझं माहेर वाईचं, घाटाजवळ वडिलांचं छोटं दुकान होतं. मी मुलींच्या शाळेत मराठी चौथी झाले होते. सासरच्या गावात एवढं शिकलेली दुसरी बाई नव्हती आणि त्याचा मला तेव्हा भारी तोरा होता.

आता नावांचं सांगते, कारण पुढं सगळा घोळ त्यानंच केला. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं तर नाहीच नाही. हे सगळ्या घरी होतं, पण आमच्याकडं जरा जास्तच कडक. यांना आज्याचं नाव ठेवलेलं. म्हणजे जे माझ्या नवऱ्याचं नाव तेच आत्याबाईंच्या सासऱ्याचं. त्यामुळं आत्याबाईंनाही स्वतःच्या लेकाला नावानं हाक मारता यायची नाही. बारशाला ते नाव लेकाच्या कानात सांगितलं त्याच्या आत्यानं. आईनं आपली जन्मभर 'पोरा', 'लेका' करून हाक मारली. एवढंच कशाला, त्या नावाशी जरा जुळतं म्हणून त्या गुळाला गूळ म्हणायच्या नाहीत, 'गोड' म्हणायच्या. मी नवीन असताना त्यांनी गोड आण म्हटलं, तर मी शिऱ्याची परात घेऊन गेले होते.

पोरगी पाचाची झाली तसं मी मनावर घेतलं की हिला शाळेत घालायची. गावात लोकलबोर्डाची शाळा होती, मास्तर बरा माणूस होता, दोन-तीन मुलीही बसायच्या. मला दुसरं काही नको होतं. घरात काही बोलायचं झालं तर मी दारामागून बोलायची, तेही आत्याबाईंच्या आडून. माझ्या पोरीनं तरी कुणाच्या समोर उभं राहून, वर बघून बोलावं, एवढंच मला वाटायचं. म्हणून एक दिवस दारामागूनच विषय काढला.

मामंजी ओसरीवर सुपारी कातरत होते. म्हणाले, "पाच वर्साची पोर ती. मास्तर सा वर्साबिगार घेत न्हाई."

"मग सहाव्या वर्षी घालू."

"सहाव्या वर्सी रेडकं राखंल. तू वाईला चार बुकं शिकलीस न्हवं? काय केलंस? भाकरीच थापतीयास की."

माझं तोंड तसं बांधलेलंच असायचं, पण त्या दिवशी सुटलं. म्हटलं, "आणि तुमच्या लेकाची पत्रं कोण वाचून दाखवतं, मामंजी?"

आत्याबाईंनी मला मागून असा चिमटा काढला की दंडावर आठ दिवस वळ होता. मामंजींचा अडकित्ता थांबला. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि सुनेकडून पत्र वाचून घ्यावं लागतं हे त्यांना मनातून लागायचं. अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "बरं. एवढी इद्या उतू चालली आसंल तर घरातच शिकीव. चैताचा पाडवा झाला की जे पयलं पत्र यील, त्ये पोरीनं मला वाचून दावायचं. तू न्हाई, पोरीनं. सगळं वाचलं तर म्या सोता मास्तराकडं जाऊन नाव घालतो. मधी कुठं आडली तर ह्या घरात परत शाळंचा इषय न्हाई. काय?"

"चालेल," म्हटलं. चालेल! जणू पोरीला बाराखडी पोटातूनच येत होती.

दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजा केली. त्या दिवशी अभ्यास करायचा नसतो, असं पोरीला सांगितलं. तेवढं तिनं बरोबर ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाटी पुढं ठेवली तर म्हणते, "आजबी पूजा कर."

दुपारी शेतावर भाकरी पोचवून आले की जेमतेम तासभर मिळायचा. त्या तासात या बाईसाहेबांना तहान लागायची, मुंगी चावायची, पाठ खाजायची, दोनदा लघवीला लागायची. पाटी पुसायला मी ओलं फडकं दिलं होतं. ते गुडघ्याखाली दाबून ठेवायची आणि पाटीवर थुंकून कोपरानं पुसायची. विद्येवर थुंकू नये म्हटलं, तर म्हणाली, "मग फडक्यावर थुकू का?" पेन्सिल दिली की सकाळी बोटाएवढी असलेली संध्याकाळी नखाएवढी. खायची ती! कराकरा चावून खायची. मोजायला शिकवायचं म्हणून वीस चिंचोके दिले. दुसऱ्या दिवशी चौदा, तिसऱ्या दिवशी सहा. चुलीच्या राखेत भाजून खाल्ले. वजाबाकी तेवढी आपोआप शिकली म्हणायची.

आणि अंकलिपी. माझ्या भावानं वाईहून मुद्दाम पाठवलेली, रंगीत पुठ्ठ्याची, त्या घरातलं एकुलतं एक छापील पुस्तक. पोरीनं ती म्हशीला दाखवायला नेली. म्हशीला! अंकलिपी आंबोणाच्या घमेल्यात पडली आणि म्हशीनं पेंडीबरोबर सगळी मुळाक्षरं खाल्ली. वर आत्याबाई म्हणतात कशा, "आज दूध जरा ज्यादाच निघालं." मी कपाळावर हात मारून घेतला. दुसरी अंकलिपी मागवावी तर लढाईमुळं कागद मिळेना. सांगलीच्या बाजाराला जाणाऱ्या दोघांना सांगून पाहिलं, दोघंही हात हलवत परत आले.

मग घरात लिहिलेलं असं राहिलं काय? यांची पत्रं. माझ्या ट्रंकेत, जुन्या खणाच्या तुकड्यात बांधून ठेवलेली. मी ती बाहेर काढली आणि पोरीपुढं मांडली, आणि म्हणून तिचा पहिला शब्द साष्टांग. प्रत्येक पत्राची सुरुवात तीच ना! 'तीर्थरूप आबांचे चरणी बालकाचा कृतानेक साष्टांग नमस्कार.' ज्या पोरीला काना कळत नव्हता, तिला मी जोडाक्षरांच्या डोंगरावर चढवली. करणार काय? आधी ओळच्या ओळ पाठ करून घ्यायची, मग एकेका शब्दावर बोट, मग एकेका अक्षरावर. 'नमस्कार'मधला न दाखवायचा आणि 'नदी' लिहायची, म दाखवायचा आणि 'मका' लिहायचा. कुणी मास्तरीण बघती तर मला पाटीनं बदडती. पण एका दुपारी पोरगी पत्रातल्या मधल्याच ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आई, हितं म्हस लिवलीया." खरंच होतं. यांनी विचारलं होतं, म्हैस व्याली का. मी तिला उचलून गरागरा फिरवली. लगेच दुसऱ्या मिनिटाला तिनं पेन्सिलीचा शेवटचा तुकडा गिळला, तो भाग वेगळा.

आता माझी चूक सांगते. त्या पत्रांवर मधूनमधून काळ्या शाईचे पट्टे असायचे. गावाचं, बंदराचं काही नाव आलं की लष्कर ते काळं करून टाकायचं. पोरीनं विचारलं, हे काय? म्हटलं, "सरकारनं काळं केलंय. हे वाचायचं नसतं." तिनं मान हलवली. पुढं पत्र संपलं, 'आपला आज्ञाधारक' आलं आणि त्यापुढं यांचं नाव. तिथं माझं बोट पोचलं आणि जीभ जागच्या जागी अडली. आत्याबाई शेजारीच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, मान खाली घातली. पोरगी म्हणाली, "आन् हे?"

"हेही वाचायचं नसतं," म्हटलं, आणि पत्राची घडी घातली.

आत्याबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा सुपात बोटं घातली. सून वळणाची आहे, असं त्यांना वाटलं असणार. मलाही तेच वाटलं. तो एक शब्द कुणीतरी सांगेल पोरीला, नाहीतर मोठी झाली की आपोआप कळेल, एवढाच विचार करून मी सोडून दिला. आणि दर पत्राला तेच केलं. पोरगीही माझ्यासारखंच करायला लागली. 'आज्ञाधारक'पर्यंत खणखणीत वाचायची, मग डोक्यावर नसलेला पदर ओढायची आणि मान खाली. मला हसू यायचं. हसत होते मी, कळतंय का!

संक्रांतीनंतरची गोष्ट. मी पाणी घेऊन आले तर पोरगी पत्र मांडीवर घेऊन बसलेली, शेजारी काजळाची डबी उघडी. एका पत्रातलं यांचं नाव तिनं बोटानं काजळ फासून पार काळं करून टाकलेलं. अगदी सरकारी पट्ट्यासारखं, कडेनं नीट.  माणूस लढाईवर, आणि घरात त्याचं नाव पुसलेलं. मी काही विचारलं नाही, बघितलं नाही, फाडकन् तिच्या गालावर ठेवून दिली. आवाज ऐकून आत्याबाई आल्या, त्यांनी ते काळं बघितलं आणि मटकन् खाली बसल्या. देवापुढं दिवा लावला, पोरीकडून नाक घासून घेतलं. पोरगी हुंदके देत एवढंच म्हणत होती, "वाचायचं नसतं म्हनून केलं. त्ये राहिलं हुतं."

तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं. पण राग आला की मला दुसरं काही सुचत नाही, हे माझं जुनंच दुखणं. मी पत्रं परत खणात बांधली आणि चार दिवस तिच्याशी धड बोलले नाही. चार दिवसांनी पाटी पुन्हा काढली, पण त्या शब्दाकडं नंतर आम्ही दोघींनीही बोट नेलं नाही.

पाडवा झाला. मग आठवडा गेला, दोन गेले, पत्र नाही. मला पत्र हवंही होतं आणि नकोही होतं. शेवटी एका सकाळी पोस्टमन आला. मामंजींनी पत्र घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि हाक मारली. मला नाही, पोरीला.

मी दारामागं उभी राहिले. आत्याबाई आत सुपानं जोंधळा पाखडत होत्या. मुद्दाम बाहेर आल्या नाहीत. पोरगी मामंजींच्या समोर उभी राहिली, परकराला हात पुसले आणि कागद धरला.

"तीर्थरूप आबांचे चरणी," तिनं सुरुवात केली. ते पाठच होतं, त्याची मला काळजी नव्हती. पण पुढं सगळं नवीन. 'मी इकडे खुशाल आहे' वाचलं. 'इकडे थंडी फार' वाचलं, थंडीवर जरा थांबली, पण वाचलं. मी दाराची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. 'विहिरीचे काम झाले का' हे तिनं एकेक अक्षर सोडवत वाचलं. मामंजींनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेली होती, ती तिथंच राहिली. मग काळा पट्टा आला. पोरगी म्हणाली, "हे वाचायचं नसतं. सरकारनं काळं केलंय."

"बराबर," मामंजी म्हणाले. "फुडं."

पुढं तिचंच होतं. 'चिरंजीव पोरीस अनेक आशीर्वाद. ती आता मोठी झाली असेल.' ते वाचून ती हसली आणि माझ्याकडं वळून बघितलं. म्हटलं, बाई गं, बघू नकोस, वाच! मग 'आपला आज्ञाधारक' आलं. पोरगीनं हात डोक्यावर नेला, नसलेला पदर ओढला आणि मान खाली घातली.

"वाच की," मामंजी म्हणाले.

"हे वाचायचं नसतं."

"हितं तर काळं न्हाई केलेलं. वाच."

ती हलेना. मामंजींनी आवाज चढवला, "वाच म्हंतो!" तसे तिचे डोळे भरले आणि हात गालाकडं गेला. त्याच गालाकडं, जिथं मी मारली होती.  सहा महिने मी अक्षर न् अक्षर घासून घेतलं होतं, आणि नेमक्या त्या शब्दावर तिची जीभ बांधली ती मीच, माझ्या हातानं.

मामंजींनी कागद तिच्या हातातून घेतला. "आडली," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "ठरलं हुतं त्ये ठरलं हुतं. जा, खेळ जा."

मी बाहेर आले. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मामंजींच्या समोर ओसरीवर मी कधी उभी राहिले नव्हते.  म्हटलं, "मामंजी, ती अडली नाही. तिला येतंय. मीच तिला सांगितलंय तो शब्द वाचायचा नाही म्हणून."

"का? काय लिवलंय असं?"

"ते... खालचं... यांचं ते."

"यांचं त्ये काय?"

आणि मी घेतलं. यांचं नाव. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, उखाण्यात नाही, कुणी आग्रह केला म्हणून नाही, सरळ सासऱ्याच्या तोंडावर. आत सुपाचा आवाज थांबला. कान नुसते गरम झाले माझे. वाटलं, आता हा माणूस मला वाईच्या गाडीत बसवून देणार.

मामंजी माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "परत म्हन."

मला वाटलं, धमकावताहेत. पण आता जायचं ते गेलंच होतं. मी परत म्हटलं.

"जरा मोठ्यानं. आत तिला ऐकू जाऊ दे."

तेव्हा मी नीट बघितलं तर त्यांचा खालचा ओठ हलत होता. मी मोठ्यानं म्हटलं. मग त्यांनी कागद पोरीकडं दिला. "आता तू वाच." पोरगीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं बोट ठेवलं आणि बापाचं नाव वाचलं, न अडखळता. येत होतंच तिला. केव्हापासून येत होतं, देव जाणे.

मामंजी उठले. खुंटीवरचं पागोटं घेतलं, डोक्याला बांधलं, पोरीचं मनगट धरलं आणि शाळेच्या वाटेनं निघाले. मास्तरांनी वय विचारलं तेव्हा "सा" म्हणाले, हे मला नंतर कळलं. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस.

मी आत गेले ती मार खायच्या तयारीनं. आत्याबाई पुन्हा जोंधळा पाखडायला लागल्या होत्या, वर बघितलंही नाही. "जीभ लय सैल सुटली तुजी," एवढंच म्हणाल्या.  मीही जळफळत भाकरी थापत होते. म्हटलं, घ्या, पोर शाळेत गेली तरी आत्याबाईंचं आपलं आहेच.

दुपारी पोरगी परत आली. मी परसात धुणं वाळत घालत होते. गोठ्याच्या पलीकडून आत्याबाईंचा आवाज आला, अगदी हळू. डोकावून बघितलं. आत्याबाई वैरणीच्या पेंढीवर बसल्या होत्या, पोरगी त्यांच्या पुढ्यात, आणि दोघींच्या मध्ये सकाळचं पत्र.

"सगळं वाचू?" पोरगीनं विचारलं.

"सगळं नगं," आत्याबाई म्हणाल्या. "त्ये खालचं तेवढं वाच."

पोरगीनं वाचलं. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "परत."